देवाच्या पायरीपासून डॉक्टरच्या दारापर्यंत

इंदूर शहराच्या पश्चिम भागात मल्हारगंजच्या पुढे एक चौक आहे. त्याला सगळे 'बडा गणपती' म्हणतात. रिक्षावाल्याला एवढे दोन शब्द सांगितले की पुरे. होळकरांच्या या गावात मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि आपल्याकडच्याही काही घरांच्या सोयरिकी तिथपर्यंत पोचलेल्या आहेत. त्यामुळे इंदूरला जाऊन आलेल्या माणसाला 'बडा गणपती पाहिला का?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. मूर्ती खरोखरच बडी, सुमारे पंचवीस फूट उंच. विटा, चुना, गूळ, मेथीदाणे आणि तीर्थक्षेत्रांची माती यांतून ती घडवली असे सांगतात. एवढ्या मोठ्या मूर्तीला शेंदूर-तुपाचा चोळा चढवायचा म्हणजे एका माणसाचे आणि एका दिवसाचे काम नव्हे. पुष्कळ हात लागतात आणि पुष्कळ दिवस लागतात.

या देवाच्या पायरीवर माणसे काय काय बोलत असतील! मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, दुकानावरचे कर्ज, घरातले दारूचे व्यसन, आणि कुणालाच सांगता न येणारी रात्रीची तळमळ. गणपती विघ्नहर्ता. त्याच्यासमोर मन मोकळे करायला कुणाला लाज वाटत नाही.

याच शहरात, बडा गणपतीपासून फार लांब नसलेल्या बाणगंगा भागात, शासकीय मानसिक रुग्णालय आहे. तिथे डॉक्टर आहेत, औषधे आहेत. पण त्या दारात जायचे म्हटले की पाय अडखळतात. 'कुणी पाहिले तर?' 'मुलीच्या लग्नात आडवे येईल.' 'लोक वेडा म्हणतील.' देवाची पायरी चढायला लागत नाही तेवढे धैर्य दवाखान्याची पायरी चढायला लागते. हे इंदूरचेच नाही, आपल्या बेळगाव, निपाणी, जत, अक्कलकोट या सगळ्या पट्ट्याचेही तसेच आहे.

या दोन पायऱ्यांमधल्या वाटेवर कुणीतरी हात धरणारे लागते. शेजारीण, आशाताई, बचत गटातली मैत्रीण, मंडळाचा कार्यकर्ता. ही सोबत म्हणजे नुसता चांगुलपणा नव्हे. नैराश्य कमी करण्यात तिचा खरोखर उपयोग होतो, हे गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याच देशात मोजून दाखवण्यात आले आहे. आजचा लेख त्याबद्दल आहे.

आजार म्हणजे नेमके काय?

दुःख सगळ्यांनाच होते. परीक्षेत अपयश आले, जवळचे माणूस गेले, पीक बुडाले की मन खचणारच. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास राहणे, पूर्वी आवडणाऱ्या कशातही रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, थोड्या कामानेही थकवा येणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहणे, ही नैराश्याच्या आजाराची लक्षणे आहेत. आपल्याकडच्या बायका तर 'मन उदास आहे' असे म्हणतच नाहीत. 'डोके जड आहे', 'अंग दुखते', 'हातापायातले बळ गेले' असे सांगतात. मग रक्ताच्या तपासण्या होतात, सलाईन लावले जाते, आणि मूळ दुखणे तसेच राहते.

बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. मध्य प्रदेश त्यांत होता. अठरा वर्षांवरच्या साधारण वीस माणसांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा आजार होतो, असे त्यात आढळले. त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. नैराश्यासारखे नेहमी आढळणारे मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे 85 टक्के लोकांना कोणतेही उपचार मिळत नव्हते. म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी जण त्या वाटेवर कुठेतरी अडकलेले.

दोन भाषांच्या घरांत एक अडचण आणखी असते. 'बेजार' हा शब्द घ्या. मूळ फारसी, पण मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही. मराठी माणूस 'बेजार झालो' म्हणतो तेव्हा तो त्रासून, थकून गेलेला असतो. कन्नड बोलणारी सून 'बेजार आगिदे' म्हणते तेव्हा तिला कंटाळा आलेला असेल, राग आलेला असेल किंवा मनातून फार वाईट वाटत असेल. सासूने मराठी अर्थ घेतला तर ती म्हणणार, 'एवढ्याशा कामाने बेजार?' सुनेला म्हणायचे होते ते वेगळेच. भाषा येत असूनही मन कळले नाही असे होते ते इथे. दुखणे सांगायला माणसाला त्याची पहिली भाषा लागते. शेजारात, नात्यात तिची भाषा बोलणारी एखादी अक्का असणे हा म्हणूनच मोठा आधार आहे. 'अक्का' तर दोन्ही भाषांत एकच!

गोव्यातला प्रयोग

मानसोपचारतज्ज्ञ शहरांत आणि रुग्ण गावोगावी, ही अडचण जुनी आहे. 1980च्या दशकात निम्हान्सने बळ्ळारी जिल्ह्यात तिच्यावर तोड शोधली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला आणि त्यावर प्राथमिक उपचार करायला शिकवले. पुढे 1996 मध्ये देशभर सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पाया हाच 'बळ्ळारी नमुना' होता. आपल्या कन्नड शेजाऱ्यांनी याचा अभिमान जरूर बाळगावा.

त्याच्या पुढचे पाऊल गोव्यात पडले. 1996 मध्ये स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रश्न विचारला की डॉक्टर नसलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसाला हे काम शिकवता येईल का? नैराश्याचा तीव्र त्रास असलेल्या 495 जणांवर गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा अभ्यास झाला. निम्म्या लोकांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्या उपचारांसोबत प्रशिक्षित समुपदेशक सहा ते आठ वेळा भेटले, कधी केंद्रात, कधी घरी. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा समुपदेशकाची सोबत मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक आजारातून बाहेर आले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते.

या भेटींत काय होत असे? उपदेश नव्हे. उदास माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडतो. देवळात जात नाही, अंगणात बसत नाही, शेताकडे फिरकत नाही, फोन उचलत नाही. जितके सोडतो तितका अधिक उदास होतो. हा फेरा उलटा फिरवायचा. रोज एक छोटे काम ठरवायचे. दहा मिनिटे चालायचे, तुळशीला पाणी घालायचे, बहिणीला फोन करायचा. केले का, करून कसे वाटले, हे पुढच्या भेटीत बोलायचे. आणि ज्या अडचणीमुळे मन खचले आहे तिच्यावर एकेक पायरीने उपाय शोधायचा. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण आपण नेहमी वापरतो. ते चिंतणारे मन नुसत्या समजुतीने थांबत नाही. हाताला काम आणि जवळ माणूस मिळाला की ते थोडे थोडे थांबते.

हीच पद्धत पुढे मध्य प्रदेशात गेली. इंदूरहून भोपाळला जाताना वाटेत सिहोर लागते. त्या जिल्ह्यात 'संगाथ'ने आशा कार्यकर्त्यांना या समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले, काहींना वर्गात बसवून तर काहींना मोबाइलवरच्या धड्यांतून. बाळंतिणीची आणि लसीकरणाची काळजी घेणारी आशाताई आता 'झोप लागते का?' असेही विचारू शकते. तिला गावातले प्रत्येक दार उघडे असते, हे तिचे खरे भांडवल.

गाव उभे राहते तेव्हा

विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. त्याच विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, मनाच्या आजाराबद्दल उघडपणे बोलायला सुरुवात केली, मनाचा प्रथमोपचार केला, आणि गरज असेल त्याला समुपदेशकाकडे व डॉक्टरकडे पोचवले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर लोकांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षानंतर ते प्रमाण 27 टक्क्यांवर गेले. 2017 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सत्तावीस म्हणजे शंभर नव्हेत, हे खरे. पण नवे मोठे रुग्णालय न बांधता, गावाने बोलायला सुरुवात केल्यामुळे एवढा फरक पडला.

दुसरे उदाहरण नाशिक जिल्ह्यातले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने 2013 ते 2015 या काळात तिथल्या 41 गावांत 'आत्मीयता' हा प्रयोग केला. पुढे तो गुजरातच्या महेसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. गावातले विश्वासू स्त्री-पुरुष निवडायचे, ज्यांच्याकडे लोक आपण होऊन सल्ल्याला येतात असे. त्यांनी खचलेल्या माणसाला काही वेळा भेटून ऐकायचे, मार्ग काढायला मदत करायची, आजार तीव्र असेल तर सरकारी दवाखान्यात न्यायचे. पण 'आत्मीयता'चे काम एवढ्यावर थांबत नाही. विधवेचे निवृत्तिवेतन अडले असेल, अपंगत्वाचा दाखला मिळत नसेल, एखाद्या योजनेचा अर्ज भरता येत नसेल, तर तेही हे कार्यकर्ते करून देतात.

हे फार महत्त्वाचे आहे. ज्या बाईच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही तिला 'सकारात्मक विचार करा' म्हणणे ही थट्टा आहे. सावकाराचा तगादा, नवऱ्याची मारहाण, पाण्यासाठी पहाटे तीनला उठणे, हे सगळे मनावरच येऊन बसते. म्हणून गावाचा विकास आणि मनाचे आरोग्य या दोन वेगळ्या फायली नाहीत. नळाला पाणी येणे, बचत गटातून कमी व्याजाने कर्ज मिळणे, दारूचे दुकान हलणे, यांचाही मनावर इलाज होतो.

जगात इतरत्रही हेच दिसले आहे. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 मध्ये हरारे शहरात चौदा आजीबाईंना प्रशिक्षण दिले. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी आणि शेजारी दुःखी माणूस. आजी 'तुला नैराश्य आहे' असे म्हणत नाही. तिकडच्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, म्हणजे 'फार विचार करणे'. तोच शब्द ती वापरते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बाकावर बसलेल्यांचे नैराश्य इतरांच्या मानाने पुष्कळच कमी झालेले आढळले. आपल्या गावात पारावर, देवळाच्या ओट्यावर बसणाऱ्या आज्या काय कमी आहेत? त्यांना थोडे शिकवण्याची आणि त्यांनी सगळे ऐकून ते पोटात ठेवण्याची गरज आहे.

गिरणीच्या फाटकावरचा रविवार

आता पुन्हा इंदूरकडे वळू. हे शहर एके काळी कापडगिरण्यांचे होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांच्या देखाव्यांची मिरवणूक निघते, तिला इंदूरकर 'झांकी' म्हणतात. ही परंपरा सुमारे शंभर वर्षांची आहे. गिरण्या बंद पडल्या तरी झांक्या बंद पडल्या नाहीत.

त्या गिरण्यांतली हुकुमचंद मिल 1991-92च्या सुमारास बंद झाली. जवळजवळ सहा हजार कामगार घरी बसले आणि त्यांची देणी अडकली. सोलापूरच्या किंवा मुंबईच्या गिरणीवाल्याच्या घरातल्या वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. भोंगा थांबतो तेव्हा पगारच नव्हे, माणसाची ओळखही थांबते. 'काय करता?' या प्रश्नाला उत्तर राहत नाही. या कामगारांचा लढा बत्तीस वर्षे चालला. अनेक जण पैसे न पाहताच गेले. अखेर 25 डिसेंबर 2023 रोजी सुमारे 224 कोटी रुपयांच्या देण्यांचा धनादेश सुपूर्द झाला.

या बत्तीस वर्षांत कामगारांनी एक नेम पाळला. दर रविवारी गिरणीच्या फाटकाशी जमायचे. खटल्याचे काय झाले ते ऐकायचे, कोण आजारी आहे, कोणाकडे लग्न आहे, कोण गेला, याची विचारपूस करायची. या बैठकीला कुणी उपचार म्हणणार नाही, आणि तिने सगळी दुःखे मिटली असेही नाही. पण गोव्यातला समुपदेशक जे शिकवत होता तेच इथे घडत होते. आठवड्यातून एकदा घराबाहेर पडायला कारण, आपल्यासारखीच अवस्था असलेली माणसे, आणि सोडवायच्या प्रश्नावर एकत्र उचललेले पुढचे पाऊल. तीन गोष्टी एकाच ठिकाणी. रविवारी एखादा आला नाही तर त्याची चौकशी होत असणार. 'तो का आला नाही?' असे विचारणारे कुणीतरी असणे, हे माणसाला जगाशी बांधून ठेवते.

आपल्याकडे काय आहे?

खरे तर सीमाभागात अशा जागांची वाण नाही. बेळगावच्या झेंडा चौकातला गणपती लोकमान्यांच्या प्रेरणेने बसला आणि आज गल्लोगल्ली मंडळे आहेत. महाराष्ट्रात बचत गट आहेत, कर्नाटकात स्त्रीशक्ती संघ आहेत. भजनी मंडळे आहेत, अक्कन बळग आहेत, वारीच्या दिंड्या आहेत. दूध डेअरीच्या रांगेत रोज सकाळी अर्धे गाव भेटते. एवढे सगळे असून माणूस एकटा पडतो, कारण या जागांवर आपण वर्गणीबद्दल बोलतो, राजकारणाबद्दल बोलतो, मनाबद्दल बोलत नाही.

मंडळाने गणेशोत्सवातल्या दहा दिवसांपैकी एक संध्याकाळ यासाठी द्यावी. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांना बोलवावे, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही भाषांत बोलायला सांगावे. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याबरोबर 'कोण आली नाही, का आली नाही' याची नोंद घ्यावी. गल्लीतल्या दोन-तीन समंजस माणसांनी प्रशिक्षण घ्यावे. यासाठी लागतो तो वेळ आणि तोंड बंद ठेवण्याची सवय. ऐकलेले दुसऱ्या दिवशी नळावर पोचले, तर त्या गल्लीत पुन्हा कुणी बोलणार नाही.

शेजारी म्हणून, नातेवाईक म्हणून काय करावे? आधी ऐकावे. 'तुला काय कमी आहे?', 'मन घट्ट कर', 'आमच्या वेळी असली थेरे नव्हती' ही वाक्ये टाळावीत. तापाच्या रोग्याला आपण 'अंग थंड कर' म्हणत नाही. त्याऐवजी 'मी बसते तुझ्याजवळ', 'उद्या डॉक्टरकडे आपण दोघी जाऊ' असे म्हणावे. सोबत जावे, बाहेर थांबावे, परत आणावे. औषधे सुरू असतील तर ती डॉक्टरांना न विचारता बंद करू देऊ नयेत. नवसाला विरोध करण्याची गरज नाही. ज्याला जायचे आहे त्याने गणपतीला जरूर जावे, पण तिथून दवाखान्यातही जावे. सोबत ही औषधाच्या जागी नाही, औषधापर्यंत नेण्यासाठी आणि त्यानंतरही टिकण्यासाठी आहे.

कुणी 'आता जगण्यात अर्थ नाही' असे म्हणू लागले, वस्तू वाटू लागले, निरोपाचे बोलू लागले तर ते नाटक समजू नये. स्पष्ट विचारावे, 'जीव देण्याचे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नये, घरातले कीटकनाशक कुलपात ठेवावे किंवा दुसरीकडे हलवावे, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पोलिसांच्या भीतीने लपवाछपवी करू नये. 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानले आहे. त्याला शिक्षा नव्हे, मदत मिळावी असा त्या कायद्याचा हेतू आहे.

मदतीसाठी धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी शासकीय संस्था, डिमहान्स, आहे. जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. ऑक्टोबर 2022 पासून 'टेलि मानस' ही सरकारी फोनसेवा सुरू आहे. क्रमांक 14416, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही आणि कन्नडमध्येही. कागदावर लिहून हा आकडा देवघराशेजारी चिकटवून ठेवायला हरकत नाही.

येत्या आठवड्यात वाचकांनी एकच करावे. आपल्या गटात, मंडळात, गल्लीत पूर्वी नेमाने येणारे आणि आता न दिसणारे कोण आहे, ते आठवावे. नाव सुचले की त्या घरी जावे. कारण काढून जावे, हवे तर भाजी घेऊन जावे, आणि घाई न करता बसावे.